वॉर्मरच्या वाटीतलं शिळं मेण

सुगंधी मेण वितळतं, पण उडून जात नाही. वॅक्स वॉर्मर घरात आला की पहिली गल्लत इथेच होते. उदबत्तीची राख होते, कापूर तर राखही मागे ठेवत नाही. त्यामुळे वॉर्मरच्या वाटीतली वडीही चार दिवसांत आपसूक संपेल असं वाटतं. प्रत्यक्षात आठवडा उलटला तरी वाटी तितकीच भरलेली असते, फक्त वास गेलेला असतो. मग त्याच मेणावर आणखी एक वडी टाकली जाते. लव्हेंडरवर मोगरा, मोगऱ्यावर चंदन असं होत होत वाटी काठोकाठ येते, मेणाचा रंग गढूळ होतो, मधेच एखादं चिलट अडकतं, आणि एक दिवस ‘आता याला पहिल्यासारखा वास येत नाही’ म्हणून वॉर्मर माळ्यावर जातो. यंत्राचा दोष काहीच नसतो. वाटीत शिळं मेण साचलेलं असतं, एवढंच.

मेणबत्तीचं गणित वेगळं आहे. तिथे मेण हेच इंधन. ज्योतीच्या उष्णतेनं ते वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, ती याच जळण्याचा उलगडा करणारी. वॉर्मरमध्ये वात नाही, जळणं नाही. पॅराफिन मेण साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, सोयाबीनच्या तेलापासून केलेलं मेण पन्नाशीच्या आसपास, मधमाशांचं ६२ ते ६४ अंशांना. वॉर्मर मेण पातळ ठेवण्यापुरताच तापतो. तेवढ्या उबेत मेणात मिसळलेलं सुगंधी तेल हळूहळू हवेत जातं आणि मेण जागच्या जागी राहतं. ते काढायचं काम घरातल्या माणसांचं.

नाशिकला सुगंधाचं अप्रूप नवं नाही. मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, आणि रामकुंडाच्या आसपास धूप, कापूर, उदबत्ती, ओली फुलं यांचा मिश्र वास आजही रोज सकाळी असतो. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल मुंबई इलाख्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये घेतलेली आहे. भांडी बाजार आणि तांबट लेन ही नावं जुन्या शहरात त्या धंद्याची खूण म्हणून टिकून आहेत. अशा गावात वॅक्स वॉर्मर घरात एकटा क्वचितच असतो. देवघरात समई-निरांजन, दाराजवळच्या प्लगमध्ये विजेची कापूरदाणी, हॉलमध्ये वॉर्मर, एखाद्या खोलीत पाण्याचे तुषार सोडणारा डिफ्यूझर. सणाआधीच्या साफसफाईत हे सगळं एकाच परातीत जमतं आणि सगळ्यांवर एकच उपाय चालवला जातो: चिंच, नाही तर लिंबू, नाही तर तारेची घासणी. तिथेच नुकसान होतं. या वस्तूंवर साचणारा मळ एका जातीचा नाही. मेणाला तापमान हवं, कापराला स्पिरिट, काजळीला आणि तेलाच्या चिकट्याला साबण नाही तर सोडा, आणि कळकलेल्या पितळेला आंबट. मळ कशाचा आहे हे ओळखलं, तर निम्मं घासणं वाचतं.

मेणापासूनच सुरुवात करावी. वाटी सुटी निघते की यंत्राला कायमची जोडलेली आहे, हे आधी पाहावं; पद्धत त्यावर ठरते.

वाटी सुटी असेल तर काम सोपं. वॉर्मर बंद करून प्लग काढावा, मेण गोठून वाटी पूर्ण गार होऊ द्यावी. मग ती झिपच्या पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवावी. थंडीनं मेण आकसतं, वाटीची पकड सोडतं आणि उलटी करून हलकं टकटक केलं की अख्खी चकती बाहेर पडते. पिशवीचा आग्रह वासासाठी आहे. उघडी वाटी ठेवली तर बर्फाला आणि शेजारच्या मटारलाही व्हॅनिलाचा वास लागतो. गरम वाटी मात्र फ्रीजरमध्ये कधीही नेऊ नये. चिनीमाती आणि काच दोन्ही अशा झटक्यानं तडकतात, आणि ती बारीक चीर पुढच्या वेळी मेण वितळल्यावरच दिसते, कारण मेण तिच्यातून खाली बल्बवर टपकायला लागतं. निफाड भागात काही वर्षी थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्रभर खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेली वाटी सकाळी बहुतेकदा आपणहून मेण सोडते. फ्रीजर उघडायचीही गरज पडू नये.

वाटी जोडलेली असेल तर उलट दिशेनं जावं लागतं. गोठलेल्या मेणाचा वॉर्मर दोन-चार मिनिटंच सुरू करावा. तळ आणि कडा किंचित ओलसर दिसल्या की लगेच बंद करून प्लग काढावा. मधलं मेण अजून घट्ट असतं. एका बाजूनं बोटानं दाबलं की चकती तिरकी होऊन सुटते. वेळ चुकली आणि सगळंच वितळलं तरी बिघडत नाही. कापसाचे बोळे वाटीत टाकावेत, ते मेण शोषून घेतात, आणि चिमट्यानं उचलून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावेत. टिश्यूपेपरपेक्षा कापूस बरा, तो विरघळून वाटीला चिकटत नाही. हे करताना मेण नुसतं पातळ असावं, चटका बसेल इतकं तापलेलं नको. बंद करून काही मिनिटं थांबलं की पुरतं. सुरी, चमचा, उलथणं यांपैकी काहीही वाटीत घालू नये. चिनीमातीवरच्या चकाकीला एकदा ओरखडा गेला की रंगीत मेण त्यात कायमचं बसतं. फारच अडलं तर जुनं एटीएम कार्ड वापरावं.

वितळलेलं मेण सिंकमध्ये किंवा मोरीत ओतणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट. वर गरम पाणी सोडलं तरी मेण फूट-दोन फुटांवर गार होतं आणि पाइपच्या वळणात गोठतं. त्यावर स्वयंपाकाचं तेल, केस, भाताची शितं अडकत जातात. हे काढायला ड्रेन क्लीनरची पावडर उपयोगी पडत नाही, कारण पॅराफिनवर अल्कलीचा परिणाम होत नाही. पाइप खोलावाच लागतो.

मेण निघाल्यावर वाटीला एक तेलकट, निसरडा थर राहतो. नुसत्या साबणानं तो हलत नाही. आधी स्वयंपाकाच्या तेलाचे दोन थेंब कोमट वाटीत चोळून घ्यावेत. उरलेलं मेण त्या तेलात मिसळतं, आणि तेल मग साबणानं निघतं. खोबरेल तेल हिवाळ्यात टाळावं. ते स्वतःच २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे एका मेणाच्या जागी दुसरं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं चालतं. थर फक्त वासाचा असेल, म्हणजे वाटी स्वच्छ दिसते पण जुना वास सुटत नाही, तर कापसावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसावी. सुगंधी तेलं स्पिरिटमध्ये विरघळतात. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, तेव्हा वॉर्मर थंड आणि प्लग काढलेला हवा, जवळ निरांजन तेवत नसावं, आणि पुसल्यावर वाटी चांगली वाळू द्यावी. कोविडच्या काळातले जेलवाले सॅनिटायझर अजून कपाटांत पडून आहेत, पण ते इथे नकोत. त्यांतलं ग्लिसरीन चिकट थर मागे ठेवतं.

यंत्राचा खालचा भाग नळाखाली धरण्याचा मोह अनेकांना होतो. धरू नये. ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं पुरेसं आहे, आणि बल्बच्या खोबणीत तर कोरडा ब्रशच. धुतलेली वाटीही पूर्ण कोरडी करूनच नवं मेण घालावं. तळाशी पाण्याचे थेंब राहिले तर वरचं मेण तापल्यावर तडतडतं आणि शिंतोडे उडतात. पावसाळ्यात, जेव्हा नाशिकच्या घरांत टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तेव्हा रिकामी वाटी बसवून वॉर्मर मिनिटभर लावून ठेवला की ओल जाते. मिनिटभरच, रिकामा वॉर्मर तापत ठेवणं त्याच्या तब्येतीला चांगलं नाही.

मेण नेमकं कधी बदलावं? पाकिटावर तास लिहिलेले असतात, पण ते खोलीच्या आकारावर आणि पंख्यावर अवलंबून. त्यात आपलं नाक फसवं. सतत तोच वास आला की पंधरा-वीस मिनिटांत ते त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून गच्चीत किंवा गॅलरीत दहा मिनिटं जाऊन परत यावं. दारातून आत शिरताना वास जाणवला नाही, तर मेण शिळं झालं. अशा मेणावर अत्तराचे किंवा इसेन्शियल ऑइलचे थेंब टाकून ‘ताजं’ करण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्यात फारसा अर्थ नाही. तेल नीट न मिसळता वर तरंगतं, पहिल्या अर्ध्या तासात भपकन उडतं आणि डोकं दुखवून जातं.

आता बल्ब. बऱ्याच वॉर्मरमध्ये उष्णता देणारं यंत्र म्हणजे साधा तारेचा किंवा हॅलोजन बल्बच असतो, १५, २० किंवा २५ वॅटचा. तो गेला की दुकानदार सवयीनं एलईडी हातात ठेवतो आणि ग्राहकही वीज वाचेल म्हणून खूश होतो. दिवा छान लागतो. मेण मात्र दगडासारखं घट्ट. एलईडीचं मोठेपण त्याच्या कमी तापण्यात आहे आणि इथे नेमका तापणारा बल्ब हवा. उलट, वास लवकर यावा म्हणून २५ वॅटच्या जागी ४० वॅटचा लावणं धोक्याचं. मेण धुरावायला लागतं, वाटीच्या कडा करपतात आणि होल्डरचं प्लास्टिक मऊ होतं. जुना बल्ब सोबत नेऊन त्याच वॅटचा, त्याच टोपीचा मागावा. हॅलोजनची उघडी काचेची कुपी असेल तर ती फडक्यानं धरून बसवावी. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला की तिथेच ती जास्त तापते आणि लवकर जाते.

अमेरिकेहून आलेल्या वॉर्मरची गोष्ट वेगळीच. मुलगी किंवा भाचा दिवाळीत येताना हौसेनं आणतो, पिन बसत नाही म्हणून अडॅप्टर लावला जातो, आणि बटण दाबताच लखकन उजेड पडून बल्ब फुटतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडचं यंत्र १२० व्होल्टसाठी बनवलेलं, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक वाढते. २५ वॅटचा बल्ब ९० वॅटच्या घरात पोचतो. वॉर्मरच्या तळाशी लेबल असतं. तिथे ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तरच तो थेट लावावा. नुसतं ‘१२०’ असेल आणि आत साधा बल्ब असेल, तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो वॉर्मरपेक्षा महाग पडू शकतो. परदेशातल्या मंडळींना स्पष्ट सांगावं की वड्या आणा, वॉर्मर इथे मिळतो.

वायर आणि प्लग महिन्यातून एकदा तरी बोटांनी चाचपून पाहावेत, प्लग काढूनच. वायर यंत्रात शिरते तिथे ती आधी चिरते. पितळी किंवा लोखंडी अंगाचा वॉर्मर असेल तर प्लग तीन पिनांचा असावा आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग असावं. जुन्या वाड्यांमधल्या वायरिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेचं असू शकतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घेणं हे वॉर्मरच्या किमतीपेक्षा मोलाचं काम आहे. वॉर्मर लावायचा तो पडद्यापासून दूर, आणि लाकडी देवघराच्या ठेंगण्या छताखाली नको. घरातली माणसं जागी असतील तेवढाच वेळ लावावा. झोपताना बंद.

टी-लाइट मेणबत्तीवर चालणारे चिनीमातीचे बर्नर वीज खात नाहीत, पण काजळी देतात. वाटीच्या बुडाला जमणारी ही काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. तिला ना आंबट लागतं ना स्पिरिट. गार झाल्यावर भांड्यांचा साबण आणि स्पंज, बास. काजळी वारंवार जमत असेल तर ज्योत फार उंच आहे किंवा बर्नरच्या खिडकीतून हवा पुरत नाही. टी-लाइट संपल्या म्हणून तिथे तुपाचं निरांजन सरकवलं जातं, तेव्हा हमखास हे होतं. निरांजनाची ज्योत टी-लाइटपेक्षा उंच असते, ती थेट वाटीच्या बुडाला चाटते, वाटी काळी होते आणि एखाद्या दिवशी मधोमध तडकते. दोन टी-लाइट एकदम ठेवण्याचाही तोच परिणाम. आणि वाटीतलं मेण कधी पेटलंच, तर त्यावर पाणी मारू नये. पाणी तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटतं मेण उसळवून बाहेर फेकते. विजेचा असेल तर स्विच बंद करावा, आणि वर धातूचं ताट किंवा झाकण सरकवून ज्योतीची हवा तोडावी.

विजेची कापूरदाणी हे नाशिककरांच्या जास्त सवयीचं यंत्र. तिची सफाई मेणाच्या वॉर्मरसारखी केली तर काहीच हाती लागत नाही. कापूर वितळायला १७५ अंशांच्या वर तापमान लागतं, पण त्याआधीच तो घनरूपातून सरळ वायुरूपात जातो आणि थंड जागा मिळाली की पुन्हा घट्ट होतो. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला, प्लगच्या आजूबाजूला, कधी भिंतीवरही बारीक पांढरे सुईसारखे कण दिसतात. अनेकांना ती बुरशी वाटते. पाण्यानं ते जात नाहीत, कारण कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्पिरिटच्या एका बोळ्यानं झटक्यात जातात. थंड यंत्र, प्लग काढलेला, हा नियम इथे आणखी काटेकोर पाळावा, कारण कापूरही ज्वालाग्राही आणि स्पिरिटही.

कापूरदाणीच्या तव्यावर मात्र काळपट, डिंकासारखा थर बसतो. शुद्ध कापूर मागे काही ठेवत नाही. थर बसत असेल तर वड्यांमध्ये आणखी काही मिसळलेलं आहे, किंवा कोणीतरी वर तेल, लवंग, धूप टाकलेला आहे. वेगळ्या कापराच्या दोन-तीन वड्या लावून फरक पाहावा. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा ही परीक्षा बोलकी. थर मऊ करायला स्पिरिटचा बोळा दहा मिनिटं तव्यावर ठेवून द्यावा आणि मग लाकडी काडीनं काढावा. तवा ॲल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा वर्ज्य. सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि खवखवीत होतं. पितळी कापूरदाणीत खाली दिवा आणि वर ताटली असते, तिथे एका वेळी एकच वडी ठेवावी. कापराची वाफ हवेपेक्षा बरीच जड असते. ढीग ठेवला तर ती खाली ज्योतीकडे उतरते आणि पेट घेऊ शकते.

इथे थोडं थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कापूर पूजेचा असला तरी पोटात गेला तर विष आहे. थोड्याशा कापरानंही लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि वड्या दिसतात अगदी पेपरमिंटसारख्या. डबी देवघराच्या खालच्या कप्प्यात, रांगत्या मुलाच्या हाताशी असू नये. मुलानं खाल्लाच तर ओकारी काढायच्या भानगडीत न पडता डबीसह थेट रुग्णालय गाठावं. मांजर पाळणाऱ्यांनी टी-ट्री आणि निलगिरीची तेलंही जपून वापरावीत. मांजरांचं यकृत ती पचवू शकत नाही.

पितळेकडे आता वळायला हरकत नाही, कारण आंबट घासण्याची परंपरा ज्याच्यासाठी होती ते हेच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, ते कळकतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल तो थर विरघळवतं. समईला मात्र आधी आंबट लावून उपयोग नाही. तिच्यावर कळकण्याच्या वर जळक्या तेलाचा चिकटा असतो आणि आम्ल त्यातून आत पोचतच नाही. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून समईचे सुटे भाग भिजवावेत, चिकटा जाऊ द्यावा, आणि मग चिंच-मीठ किंवा बाजारातली पावडर. शेवटी भरपूर पाणी आणि कोरडं फडकं. आंबट उरलं तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग उठतात. नव्या, दुकानातूनच चकचकीत आलेल्या पितळी वॉर्मरवर आणि शोभेच्या दिव्यांवर मात्र बहुधा लाखेसारखा पारदर्शक लेप असतो. त्याला चिंच लावली की लेप ठिकठिकाणी निघतो आणि पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळवंडतं. अशी वस्तू फक्त ओल्या मऊ फडक्यानं पुसावी. लेप आहे की नाही हे घेतानाच विचारून घ्यावं. जुने भांडेवाले नुसत्या नखानं सांगतात.

पाण्याच्या डिफ्यूझरबद्दल थोडक्यात. महापालिकेचं धरणाचं पाणी घातलं तर तो बराच काळ टिकतो, सोसायटीच्या बोअरचं जड पाणी घातलं तर तळाच्या चकतीवर पांढरा क्षार बसतो आणि तुषार येईनासे होतात. लिंबूसत्व घातलेलं पाणी पंधरा मिनिटं ठेवून क्षार काढावा. आणि त्यात मेण किंवा कापूर कधीही घालू नये.

सांडलेल्या मेणाचा प्रश्न सणासुदीला येतो. शहाबादी किंवा कोटा फरशीवर सांडलं तर पुसायला धावू नये, पसरेल. बर्फाची पिशवी ठेवून कडक होऊ द्यावं, कार्डानं उचलावं, उरलेल्या डागावर ब्राऊन पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात शिरतं. सुती कपड्यालाही हेच. पण येवल्याच्या पैठणीवर सांडलं तर इस्त्री नको आणि खरवडणंही नको. रेशमाच्या धाग्यात मेणाबरोबर त्यातला रंगही वितळून आत शिरतो, आणि जरीची तार एकदा उचकटली की बसत नाही. मेण गार होऊ द्यावं, पैठणी घडी न घालता सैल गुंडाळावी आणि दुसऱ्याच दिवशी चांगल्या ड्रायक्लीनरकडे न्यावी. डाग मेणाचा आहे, सुगंधी आणि रंगीत आहे, हे त्याला तोंडानं सांगावं. तो त्यावरच द्रावण ठरवतो.

वॉर्मरच्या नव्या वड्या एप्रिल-मेमध्ये गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नयेत. पारा चाळिशीला गेला की मऊ मेणाच्या वड्या पाकिटात एकमेकींना चिकटतात आणि तेल सुटतं. धान्याच्या कोठीजवळही नकोत, तांदळाला वास लागतो.

काढलेल्या शिळ्या मेणाच्या चकत्या सुक्या कचऱ्यात, कागदात गुंडाळून घंटागाडीत द्याव्यात. गेलेला बल्ब वेगळा गुंडाळून आणि वर लिहून, म्हणजे गाडीवरच्या माणसाचा हात कापणार नाही. पण सगळं टाकून देण्याची गरज नाही. नारळाच्या शेंडीवर असं मेण ओतून गोळे केले तर हिवाळ्यात अंगणातली शेगडी किंवा हुरड्याची आगटी पेटवायला ते उत्तम. घरात, बंद खोलीत मात्र जाळू नयेत, सुगंधी मेणाचा धूर डोळ्यांना झोंबतो. दुसरा उपयोग जून-जुलैत होतो. लाकडी ड्रॉवर पावसानं फुगून अडकायला लागले की ते पूर्ण बाहेर काढून, कडा कोरड्या पुसून, त्यांवर चकतीचा तुकडा साबणासारखा घासावा. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीलाही चालतो, फक्त पट्टीतली माती आधी ब्रशनं काढावी. नाही तर ती मेणात अडकून खिडकी आणखी जड होते.